पंप लपवला तर रिसेप्टर परत येतील का?

डॉक्टरकाका, मी नांदेडला बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचं गाव सेलू तालुक्यात. अप्पा जिनिंगमध्ये कामाला आहेत, दमा जुनाच. त्यांच्याकडे एकच पंप आहे, निळा, साल्ब्युटामॉलचा. आधी कधीमधी लागायचा, जिनिंगचा हंगाम सुरू झाला की जरा जास्त. यंदा दिवसाला आठ-दहा पफ चाललेत. घेतला की पाच-दहा मिनिटांत मोकळं वाटतं, पण दोन तासांत पुन्हा छाती भरून येते. सुरुवातीला पंप घेतल्यावर त्यांचे हात कापायचे, आता कापत नाहीत. आई आणि काकू म्हणतात, पंप एकदा लागला की सुटत नाही, अंगात मुरतो. मला ते खोटं वाटायचं. पण या सेमिस्टरला सरांनी शिकवलं की औषध सतत मिळत राहिलं की कायनेज नावाचं विकर (एन्झाइम) रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या औषध झेलणाऱ्या प्रथिनावर, फॉस्फेट लावतं, रिसेप्टर बधिर होतो आणि मग आत ओढला जातो. म्हणजे आईचंच खरं की! मी दोन-तीन दिवस पंप लपवून ठेवला तर रिसेप्टर परत वर येतील का? आणि हे कायनेजच बंद पाडणारं औषध आहे का?
— एक विद्यार्थिनी, जि. परभणी

बाळा,

पंप लपवू नकोस. लपवला असशील तर आधी आईला फोन करून कुठे आहे ते सांग, मग पुढचं वाच. अप्पांकडे दुसरं कुठलंच औषध नाही. मध्यरात्री दम लागला तर हाताशी असलेली ती एकच गोष्ट आहे.

आता तुझ्या सरांनी शिकवलेलं. ते चूक नाही. पण त्यातून तू जो अर्थ काढलास तो अप्पांना लागू पडत नाही, आणि तो का लागू पडत नाही हे तुझ्याच पत्रात लिहिलेलं आहे. तिथपर्यंत येतो, आधी जरा रिसेप्टरपाशी थांबू.

श्वासनलिकांभोवती गुळगुळीत स्नायूंचे वेढे असतात. ते आवळले की धाप लागते. या स्नायूंच्या पेशींवर बीटा-२ रिसेप्टर असतात: प्रथिनाची एकच साखळी, पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार गेलेली. साल्ब्युटामॉल बाहेरच्या बाजूने तिच्या खाचेत बसलं की आतल्या बाजूचा आकार बदलतो, तिथलं निरोप पुढे नेणारं जी-प्रथिन कामाला लागतं, सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आतला निरोप्या रेणू वाढतो, त्याने पीकेए नावाचं कायनेज जागं होतं आणि स्नायू सैल पडतो. म्हणजे अप्पांना पाच मिनिटांत जो आराम पडतो, तोसुद्धा एका कायनेजनेच दिलेला असतो. कायनेज म्हणजे एटीपी या पेशीच्या ऊर्जा-रेणूवरचा फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनावर बसवणारं विकर. माणसात अशी पाचशेहून अधिक आहेत. त्यांना सरसकट खलनायक ठरवून चालणार नाही.

तुझे सर ज्याबद्दल बोलत होते ते वेगळं कुटुंब, जीआरके. माणसात त्याचे सात प्रकार. त्यांतले दोन डोळ्यांच्या पडद्यात, दोन नंबरचा जवळपास सगळीकडे. जीआरकेची खुबी अशी की ते मोकळ्या रिसेप्टरकडे फारसं बघत नाही. औषध बसून ज्याचा आकार बदललाय, त्याच रिसेप्टरच्या आतल्या शेपटीवर ते फॉस्फेट लावतं. मतदान केंद्रावर ज्याने मत टाकलं त्याच्याच बोटाला शाई लागते, तसं. आणि शाई लावणाऱ्याला केंद्रावर बोलावणारंही मतदानच असतं. दोन नंबरचं जीआरके एरवी पेशीद्रवात तरंगत असतं. रिसेप्टरने जी-प्रथिनाला कामाला लावलं की त्या जी-प्रथिनाचे दोन तुकडे होतात, आणि त्यांतला एक तुकडा जीआरकेला धरून पडद्यापाशी आणतो.

पण नुसतं फॉस्फेट लागून रिसेप्टर बधिर होत नाही. परीक्षेत हा मुद्दा बहुतेक जण सोडतात. याची हकिगत मला फार आवडते. 1986 मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेत जेफ्री बेनोविक आणि सहकाऱ्यांनी बीटा रिसेप्टरवर फॉस्फेट लावणारं हे कायनेज ओळखलं. मग त्यांनी ते शुद्ध करायला घेतलं. जितकं शुद्ध करावं तितका त्याचा बधिर करण्याचा गुण कमी होत गेला! फॉस्फेट तर लागतंय, पण रिसेप्टर कामाचा राहतोय. म्हणजे गाळणीत काहीतरी दुसरं निसटून जात होतं. डोळ्याच्या पडद्यातलं प्रकाश टिपणारं ऱ्होडोप्सिन याच घराण्यातलं. त्याच्यावर फॉस्फेट लागल्यावर त्याला गप्प करणारं अरेस्टिन नावाचं प्रथिन तोवर ठाऊक होतं. त्यांनी ते डोळ्याचं अरेस्टिन भरपूर प्रमाणात मिसळून पाहिलं आणि रिसेप्टर गप्प झाला. त्यावरून शोध घेत 1990 मध्ये शरीरभर असणारं बीटा-अरेस्टिन सापडलं. लेफ्कोविट्झ आणि त्यांच्याकडे शिकलेले ब्रायन कोबिल्का यांना या रिसेप्टरांच्या कामासाठी 2012 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तर क्रम असा: जीआरके खूण करतं, अरेस्टिन त्या खुणेला येऊन चिकटतं आणि जी-प्रथिनाची जागा अडवतं. एवढं सगळं काही सेकंद ते मिनिटांत होतं. पुढच्या मिनिटांमध्ये अरेस्टिन रिसेप्टरला पडद्यावरच्या, क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाचं अस्तर असलेल्या खड्ड्यात नेतं आणि रिसेप्टर पेशीच्या आत जातो.

आत ओढला गेला म्हणजे संपला, असं तू धरून चाललीस. तसं नाही. आतल्या पिशवीत औषध सुटून जातं, फॉस्फेटेज नावाचं विकर फॉस्फेट काढून टाकतं आणि बरेचसे रिसेप्टर कोरे होऊन पुन्हा पडद्यावर येतात, साधारण तासाभरात. आत जाणं हा दुरुस्तीचाच भाग आहे. मात्र औषधाचा मारा तासन्‌तास, दिवसेंदिवस चालू राहिला तर काही रिसेप्टर लायसोसोमकडे, म्हणजे पेशीतल्या मोडतोडीच्या पिशव्यांकडे, जाऊन मोडीत निघतात, नवे बनण्याचा वेगही घटतो, आणि पडद्यावरची एकूण संख्या खरोखर कमी होते. ती भरून यायला नवीन प्रथिन बनावं लागतं, त्याला वेळ लागतो.

दुसरी वाट पीकेएची. आराम देता देता ते उलटून रिसेप्टरवरही फॉस्फेट लावतं, आणि कोणी मत टाकलंय की नाही हे न बघता समोर दिसेल त्याच्या बोटाला शाई लावत सुटतं. या वाटेला अरेस्टिनची गरज नसते, फॉस्फेट लागल्यानेच जी-प्रथिनाशी जुळणी बिघडते. औषध थोडं असताना ही वाट जास्त चालते, भरपूर असताना जीआरकेची. आणि पीकेए जागं व्हायला साल्ब्युटामॉलच हवं असंही नाही, सायक्लिक एएमपी वाढवणारं काहीही चालतं. सुजलेल्या श्वासनलिकेत प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्यांच्यामुळेही हेच घडू शकतं. हे वाक्य जरा लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता तुझं पत्र. तू लिहिलंस, आधी हात कापायचे, आता कापत नाहीत. शाब्बास, हे निरीक्षण खरंच कामाचं आहे. हाताचं कापणं हे हाडांना जोडलेल्या स्नायूंवरच्या बीटा-२ रिसेप्टरांमुळे होतं आणि ते लवकर बोथट होतं. ही डिसेन्सिटायझेशनची, म्हणजे रिसेप्टर बधिर होण्याची, खूण. पण त्याच पत्रात तू असंही लिहिलंस की पंप घेतला की पाच-दहा मिनिटांत मोकळं वाटतं. श्वासनलिकेच्या स्नायूवरचे रिसेप्टर संपले असते तर हे झालं नसतं. एकाच माणसाच्या अंगात एकच रिसेप्टर दोन जागी वेगळा वागतो, कारण जीआरके सगळ्या पेशींत सारख्या प्रमाणात नसतं. श्वासनलिकेच्या स्नायूत ते कमी, म्हणून तो स्नायू बराच टिकून राहतो. मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या पेशी, त्या मानाने चटकन बधिर होतात.

मास्ट पेशींवरचा बीटा-२ रिसेप्टर हिस्टामिन सुटू देत नाही, तो एक प्रकारचा बांध. रोज, दिवसातून अनेकदा साल्ब्युटामॉल घेतलं की आठवड्या-दोन आठवड्यांत तो बांध खचायला लागतो. आवळलेला स्नायू सैल करण्याची ताकद थोडी कमी होते, पण धुळीपासून, थंड हवेपासून मिळणारं संरक्षण त्याहून जास्त कमी होतं. म्हणजे आराम पडतो, पण पुढच्या वेळी तेवढ्याच धुळीने जास्त दम लागतो. मग पुन्हा पंप. आई-काकूंना दिसतं ते हे चक्र. व्यसनाशी त्याचा संबंध नाही. पंपाची तलफ कोणाला येत नाही, दम लागला म्हणून पंप लागतो.

आणि दम का लागतो? साल्ब्युटामॉलचा परिणाम एरवी चार ते सहा तास टिकतो, अप्पांचा दोन तासांत ओसरतो. माझा अंदाज विचारशील तर यात कायनेजचा वाटा छोटा आणि सुजेचा मोठा आहे. नळीचं अस्तर सुजलेलं, आत चिकट बेडका. स्नायू कितीही सैल केला तरी ही सूज साल्ब्युटामॉलने उतरत नाही. वर ती सूजच प्रोस्टाग्लँडिनच्या वाटेने रिसेप्टरांना आणखी बोथट करते. तू पंप लपवलास तर दोन दिवसांत काही रिसेप्टर वर येतीलही, पण तोवर सुजलेल्या नळ्या आवळून अप्पा दवाखान्यात पोहोचलेले असतील. रिसेप्टरांना विसावा द्यायचा असेल तर पंपाची गरज कमी करावी लागेल. ती सूज उतरवून होते, पंप काढून घेऊन नाही.

थोडा हिशोब कर. पंपाच्या एका डब्यात बहुधा 200 पफ असतात. दिवसाला आठ धरले तर 25 दिवसांत डबा संपतो, दहा धरले तर 20 दिवसांत. हंगामभर नाही, वर्षभर हेच चाललं तर साधारण पंधरा ते अठरा डबे. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं देणारी ‘जिना’ ही संस्था सांगते, वर्षाला तीन किंवा जास्त डबे लागले तर मोठ्या झटक्याचा धोका वाढतो, आणि बारा किंवा जास्त लागले तर मृत्यूचा. म्हणूनच 2019 पासून त्यांनी मोठ्या माणसांना नुसता साल्ब्युटामॉलचा पंप देणं बंद करायला सांगितलं आहे. सोबत श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड हवंच. एक पद्धत अशी की ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप रोज घ्यायचा आणि दम लागला तर तोच पुन्हा घ्यायचा. फॉर्मोटेरॉलही बीटा-२ वरच बसतं, झटकन लागू पडतं आणि बारा तासांच्या आसपास टिकतं. अप्पांना कुठला पंप, किती मात्रा, हे त्यांना तपासणारे डॉक्टर ठरवतील. मी इथून ठरवणार नाही.

स्टेरॉइड म्हटलं की घरात काय होईल ते मला ठाऊक आहे. आई म्हणेल, हाडं ठिसूळ होतात, तोंड सुजतं. ते गोळ्यांचं आणि गावात दम लागला की टोचून घेतात त्या इंजेक्शनांचं, तेही वारंवार घेतल्यावर. पंपातून औषध मायक्रोग्रॅममध्ये जातं आणि बहुतेक काम छातीतच करतं. तोंडात बुरशी येऊ शकते, म्हणून घेतल्यावर चूळ भरून थुंकायची. आणि फार्मसीची विद्यार्थिनी म्हणून तुला आवडेल अशी गोष्ट: स्टेरॉइड पेशीच्या केंद्रकात जाऊन बीटा-२ रिसेप्टरच्या जनुकाचं काम वाढवतं, म्हणजे नवे रिसेप्टर बनवून घेतं. तुला पंप लपवून जे साधायचं होतं, ते रोजचा पंप सूज उतरवता उतरवता साधतो. फक्त एक आहे, त्याचा परिणाम दिसायला दिवस ते आठवडे लागतात. पाच मिनिटांत मोकळं वाटणार नाही, म्हणून माणसं तो चार दिवसांत सोडून देतात. अप्पांना हे आधीच सांगून ठेव.

कायनेज बंद पाडणारं औषध? दम्यासाठी असं औषध बाजारात नाही. गंमत म्हणजे 2012 मध्ये असं दिसलं की पॅरॉक्सेटिन हे नैराश्यावरचं जुनं औषध दोन नंबरच्या जीआरकेला अडवतं. त्या धाग्यावर हृदय निकामी होण्याच्या आजारासाठी संशोधन सुरू झालं, कारण थकलेल्या हृदयात हे जीआरके वाढलेलं असतं. ते वाचून कोणी दम्याला पॅरॉक्सेटिन देऊ नये. आणि पीकेए अडवलंस तर आरामच बंद होईल, हे वर आलंच आहे.

आता जिनिंग. हंगामात त्रास वाढतो असं तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस, माझ्या मते पत्रातली ती सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. सरकी वेगळी होताना उडणारी धूळ, त्यातली पाचोळ्याची भुकटी, जंतूंचे विषारी अंश, हे सगळं श्वासात जातं. जुना दमा त्याने भडकतो, आणि कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस नावाचा वेगळा आजारही असतो, ज्यात सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. कायद्याने ठरवलेल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत तो आहे, तेव्हा डॉक्टरांच्या कागदावर कामाचं स्वरूप लिहून घ्यायला लाज वाटू देऊ नका. पीक फ्लो मीटर नावाची फुंकायची साधी नळी मिळते, महाग नसते. महिनाभर, दिवसातून चारदा, कामाच्या दिवशीही आणि सुट्टीच्या दिवशीही अप्पांना फुंकायला लाव आणि आकडे वहीत मांड. कामाच्या दिवशी आकडा पडतो आणि सुट्टीत वर येतो असं दिसलं, तर डॉक्टरांना दहा प्रश्न विचारावे लागणार नाहीत. तोंडाला गमछा बांधून बारीक धूळ अडत नाही, नीट बसणारा एन-95 मास्क हवा. शक्य असेल तर मुकादमाला सांगून कमी धुळीच्या जागी काम मागावं. ते मिळणं किती अवघड आहे याची मला कल्पना आहे, तरी मागावं.

अप्पा पंप घेतात कसा, तेही एकदा बघ. हलवून, श्वास सोडून, दाबताना सावकाश आत ओढून, दहा सेकंद धरून. पुष्कळ जणांचं अर्धं औषध जिभेवर आणि घशात बसतं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं, घेऊन द्या. बिडी ओढत असतील तर ती सुटली पाहिजे. आणि घरातली बाकीची औषधं तपास: थरथर किंवा धडधड होते म्हणून कोणी प्रोप्रानोलॉल दिलंय का, काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब चालू आहेत का? हे दोन्ही त्याच बीटा रिसेप्टरची खाच अडवतात. डोळ्यातला थेंबही दम्याच्या माणसाला भारी पडू शकतो.

मृगाला हैदराबादला जाऊन मासा गिळायचा बेत घरात निघेलच, आपल्याकडे दरसाल निघतो. त्याने दमा बरा होतो याचा पुरावा नाही. श्रद्धेने जायचंच म्हणाले तर भांडू नकोस, पण दोन्ही पंप पिशवीत असले पाहिजेत.

एक वाक्य पुरं बोलता येत नाही, ओठ निळसर पडले, किंवा पंपाने आराम पडेनासा झाला, तर वाट बघायची नाही. स्पेसरमधून एकेक करत चार ते दहा पफ, वीस मिनिटांनी पुन्हा, आणि हे करत करतच गाडीत बसवून दवाखान्याकडे निघायचं. अशा वेळी रिसेप्टर बधिर होतील याचा विचार करायचा नाही. एरवी मात्र इतक्या पफांनी धडधड वाढते, रक्तातलं पोटॅशियम उतरतं, तेव्हा रोजचा दहाचा आकडा डॉक्टरांना न लपवता सांग.

तू नांदेडला आहेसच, तर पुढच्या खेपेला अप्पांना घेऊन ये आणि विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात छातीच्या डॉक्टरांना दाखव. स्पायरोमेट्री होते का ते आधी विचारून ठेव. त्या तपासणीत आधी फुंकायला लावतात, मग साल्ब्युटामॉल देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. दोन्ही आकड्यांतल्या फरकावरून अप्पांच्या नळीतले रिसेप्टर किती साथ देताहेत याचा अंदाज तुला तिथेच मिळेल. त्यासाठी तपासणीआधी चार तास निळा पंप घेतलेला नसला तर बरं, पण बसमध्ये दम लागला तर खुशाल घेऊ दे, आणि किती वाजता घेतला ते तिथे सांग.